फोटोतला कर्नल : एल्मर एल्सवर्थची चोवीस वर्षं

आमच्या बेळगावच्या घरी आजीची एक पत्र्याची ट्रंक आहे. गेल्या वर्षी आजी गेली. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आणि मम्मीने ती ट्रंक पहिल्यांदा नीट उघडली. दोन लुगडी, लग्नातली रोझरी, पानं सुटलेलं प्रार्थनापुस्तक, आणि एका जुन्या पाकिटात एक फोटो. स्टुडिओत काढलेला, मागे रंगवलेला पडदा, आणि पुढे सैनिकी गणवेशातला एक तरुण. एक हात खुर्चीच्या पाठीवर, नजर सरळ. वय माझ्याएवढंच असेल.

बेळगावात असा फोटो सापडणं ही काही मोठी गोष्ट नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्रच आमच्या गावात. गणवेशातली माणसं आम्ही लहानपणापासून बघत आलोय. पण हा कोण? पप्पांचं म्हणणं, आजीचा थोरला भाऊ. आत्या म्हणते तो भाऊ नव्हेच, आजोबांचा चुलतभाऊ. फोटोच्या मागे काहीच लिहिलेलं नाही, आणि जिला ठाऊक होतं ती आता नाही.

त्याच दिवसांत अमेरिकन साहित्याच्या पेपरसाठी मी तिकडच्या यादवी युद्धाबद्दल वाचत होते. वाचता वाचता वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहातले फोटो बघत बसले. काचेवरचे, पत्र्यावरचे, छोट्या डब्यांत बसवलेले शेकडो सैनिक. बहुतेकांच्या खाली एकच नोंद : अनोळखी सैनिक. मला सारखी आमची ट्रंक आठवत होती. आणि त्या सगळ्या अनोळखी चेहऱ्यांमध्ये एक चेहरा असा भेटला, ज्याचं नाव एकेकाळी उत्तर अमेरिकेतल्या शाळकरी पोरांनाही पाठ होतं. कर्नल एल्मर एल्सवर्थ. कुरळे केस, बारीक मिशी, नेटका गणवेश, कमरेला तलवार. तो चोविसाव्या वर्षी गेला. त्याची गोष्ट मंडळाच्या वाचकांना सांगावी असं वाटलं, म्हणून हा लेख.

एल्मरचा जन्म ११ एप्रिल १८३७ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या माल्टा नावाच्या खेड्यातला. पाळण्यातलं नाव इफ्रेम एल्मर, पण वडिलांचंही नाव इफ्रेमच, म्हणून हा एल्मर झाला. वडील शिंपी. त्याच वर्षी अमेरिकेत मोठी मंदी आली आणि वडिलांचा धंदा बुडाला. पुढे कुटुंब जवळच्या मेकॅनिकव्हिल गावात राहिलं, पण पैशाची चणचण कायमची. शिंप्याचा मुलगा पुढे आपल्या कपड्यांमुळे, म्हणजे गणवेशामुळे, देशभर ओळखला गेला. हा योगायोगच, पण मला तो विसरता येत नाही.

एल्मरला लहानपणापासून सैनिक व्हायचं होतं. त्यासाठी वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत जायला हवं. पण तिथे प्रवेश मिळायला शिक्षण लागतं, ओळख लागते, आणि याच्याकडे दोन्ही नव्हतं. मग तो पोटासाठी आधी न्यूयॉर्कला आणि नंतर, विशी गाठायच्या आतच, शिकागोला गेला. पेटंटची कामं करून देणाऱ्या एका धंद्यात पडला, तोही बुडाला. मग वकिलाच्या कचेरीत कागदपत्रांच्या नकला करून द्यायचा. त्या काळातली त्याची डायरी राहिली आहे. कित्येक दिवस त्याने बिस्किटं आणि पाणी यांवर काढले, कचेरीच्या जमिनीवर झोपला, पण कुणापुढे हात पसरला नाही. कुणी जेवायला बोलावलं तरी परतफेड करता येणार नाही म्हणून तो टाळायचा. आपल्यातले जे पेइंग गेस्ट म्हणून राहून महिन्याअखेरीस पारले-जीवर दिवस काढतात, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

या मुलाला सैनिकी कवायत शिकायची वाट कशी सापडली, ते समजायला त्या काळच्या अमेरिकेतली मिलिशिया म्हणजे काय ते आधी सांगते.

तेव्हा अमेरिकेची कायमची फौज अगदी लहान होती. तिच्या जोडीला गावोगावी मिलिशिया असायची, म्हणजे नागरिकांचं सैन्य. कायद्याने ती जबाबदारी जवळजवळ सगळ्या धडधाकट पुरुषांवर होती, पण ती बहुतेक कागदावरच. प्रत्यक्षात जिवंत होत्या त्या हौशी लोकांनी उभारलेल्या कंपन्या. दिवसा दुकानात किंवा बँकेत काम करायचं आणि संध्याकाळी कवायत. प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं, झेंडा वेगळा, आणि गणवेश तर स्वतःच्या आवडीचा आणि स्वतःच्या खर्चाने शिवलेला. कुणाचा निळा, कुणाचा करडा, कुणाच्या टोपीवर पिसांचा तुरा. न्यूयॉर्कची प्रसिद्ध सातवी रेजिमेंट करड्या रंगात मिरवायची. थोडक्यात, अर्धं सैन्य आणि अर्धं आपल्या गणेशोत्सव मंडळासारखं. मिरवणूक, मेजवानी, बक्षिसं, आणि पलीकडच्या गल्लीशी स्पर्धा.

आणि गणवेश शिवला की फोटो आलाच. १८३९ मध्ये डागेरोटाइपची कला जगापुढे आली, आणि पंधरा-वीस वर्षांत अमेरिकेतल्या लहान गावातही स्टुडिओ निघाले. चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावरचा डागेरोटाइप महाग होता. १८५० नंतरच्या दशकात काचेवरचा अँब्रोटाइप आणि लोखंडी पत्र्यावरचा टिनटाइप आला, आणि फोटो कारकुनाच्या आणि दुकानातल्या पोराच्या खिशाला परवडायला लागला. स्टुडिओच्या छतात काचेचं तावदान असायचं, उजेड तिथूनच. काही सेकंद हलायचं नाही, म्हणून डोक्यामागे लोखंडी स्टँड लावायचे. फोटो नीट पाहिलात तर पुष्कळदा बुटांच्या मागे त्या स्टँडचे पाय दिसतात. फोटो तयार झाला की गालांवर हलका गुलाबी रंग आणि बटणांवर सोनेरी ठिपके हाताने लावायचे. टिनटाइपमध्ये प्रतिमा आरशासारखी उलटी यायची, म्हणून डाव्या बाजूची तलवार उजवीकडे दिसते. काही जण तर फोटोत सरळ दिसावं म्हणून पट्टाच उलटा घालून उभे राहायचे.

हे सगळं वाचल्यावर मी ट्रंकेतला आमचा फोटो परत काढून बघितला. पठ्ठ्या किती ताठ उभा आहे, कुणी सांगितलं असेल त्याला असं उभं राहायला, असं वाटलं.

शिकागोत एल्मरला चार्ल्स डिव्हिलिअर्स नावाचा तलवारबाजीचा फ्रेंच शिक्षक भेटला. हा माणूस क्रिमियाच्या युद्धात झुआव्ह पलटणीबरोबर होता. झुआव्ह हे नाव अल्जीरियातल्या एका बर्बर टोळीवरून आलेलं. फ्रेंचांनी १८३० मध्ये अल्जीरियात पाय रोवले तेव्हा त्या टोळीतल्या लढवय्यांची पलटण उभी केली. पुढे पलटणीत फ्रेंच लोकच भरले, पण पोशाख तिकडचाच राहिला : घोळदार तुमान, आखूड जाकीट, कमरेला शेला, डोक्यावर गोंड्याची टोपी. क्रिमियात या पलटणीने नाव काढलं. म्हणजे बघा, फ्रेंचांनी ज्यांचा देश घेतला त्यांचेच कपडे फ्रेंच शौर्याची खूण झाले, आणि ती खूण समुद्र ओलांडून शिकागोतल्या एका उपाशी कारकुनाच्या डोक्यात बसली.

एल्मरने फ्रेंच कवायतीची पुस्तकं मिळवली आणि पाठ केली. हळूहळू आसपासच्या कंपन्या त्याला कवायत शिकवायला बोलावू लागल्या. रॉकफर्ड गावच्या कंपनीला शिकवायला गेला तेव्हा कॅरी स्पॅफर्डची भेट झाली. तिचे वडील गावातले पैसेवाले. लग्न ठरलं, पण वडिलांची अट अशी की जावयाने आधी वकिली शिकून पायावर उभं राहावं. कवायतीने घर चालत नाही, हे त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. माझे पप्पाही हेच म्हणाले असते.

१८५९ मध्ये शिकागोतली एक मोडकळीला आलेली कंपनी त्याच्या हाती आली. त्याने तिचं नाव बदलून युनायटेड स्टेट्स झुआव्ह कॅडेट्स केलं आणि नियम असे कडक केले की आपल्या होस्टेलचे नियम त्यापुढे काहीच नाहीत. दारूच्या गुत्त्यात जायचं नाही, जुगार नाही, बिलियर्डच्या अड्ड्यावर जायचं नाही, वेश्यावस्तीत पाऊल टाकायचं नाही. मोडला नियम की नाव कमी. त्याने खरोखरच काहींना काढून टाकलं. उरलेल्यांकडून रात्र रात्र सराव करून घेतला. धावत, गुडघ्यावर बसून, पालथं पडून बंदूक भरायची आणि झाडायची. चालता चालता रांगेचा क्रॉस करायचा, क्रॉसचा तारा करायचा.

जुलै १८६० मध्ये ही चाळीस-पन्नास पोरं दौऱ्यावर निघाली. सुमारे वीस शहरं आणि सहा आठवडे. जाऊ तिथल्या मिलिशियाला खुलं आव्हान. न्यूयॉर्कमध्ये तुडुंब गर्दी झाली, वेस्ट पॉइंटला कवायत झाली, वॉशिंग्टनला राष्ट्राध्यक्ष ब्युकॅनन यांच्यापुढे व्हाइट हाऊसच्या हिरवळीवर कवायत झाली. ज्या वेस्ट पॉइंटच्या दारातून त्याला आत जाता आलं नव्हतं, तिथेच तो पाहुणा म्हणून कवायत दाखवून आला. त्या दिवशी त्याला काय वाटलं असेल, याचा मी पुष्कळ वेळ विचार केला. दौऱ्यानंतर गावोगावी झुआव्ह कंपन्यांचं पेव फुटलं. स्टुडिओत घोळदार तुमानीतले तरुण फोटो काढून घ्यायला उभे राहू लागले.

याच सुमाराला भेटकार्डाच्या आकाराचे कागदी फोटो निघाले. फ्रान्समध्ये १८५४ मध्ये त्यांचं पेटंट घेतलं गेलं होतं, आणि अमेरिकेत त्यांची लाट १८६० च्या आसपास आली. एका काचेवरून हव्या तितक्या प्रती निघत, म्हणून ओळखीच्यांना वाटायला सोपे आणि प्रसिद्ध माणसांचे विकायलाही सोपे. लोक अल्बममध्ये घरच्यांशेजारी पुढाऱ्यांचे फोटो लावायचे. मॅथ्यू ब्रेडी हा त्या काळचा सर्वांत नावाजलेला फोटोग्राफर. त्याचे स्टुडिओ न्यूयॉर्कला आणि वॉशिंग्टनला. फेब्रुवारी १८६० मध्ये त्याने अब्राहम लिंकन यांचा फोटो काढला आणि निवडणुकीत तो घराघरांत पोहोचला. एल्सवर्थचेही फोटो ब्रेडीच्या स्टुडिओत निघाले आणि दुकानांत विकले गेले.

दौरा संपला, टाळ्या संपल्या, आणि खिसा पुन्हा रिकामा. एल्सवर्थने कंपनी सोडली आणि कॅरीच्या वडिलांची अट पुरी करायला स्प्रिंगफिल्डला गेला. वकिली शिकायला त्याने जी कचेरी धरली ती लिंकन यांची. अभ्यास फारसा झाला नाही, कारण लिंकन निवडणुकीला उभे होते आणि हा त्यांच्यासाठी गावोगाव भाषणं देत फिरत होता. लिंकन यांना हा मुलगा फार आवडला. धाकटी मुलं विली आणि टॅड तर त्याला सोडायचीच नाहीत. फेब्रुवारी १८६१ मध्ये निवडून आलेले लिंकन आगगाडीने वॉशिंग्टनला निघाले तेव्हा एल्सवर्थ बरोबर होता, स्टेशनवरच्या गर्दीतून त्यांना वाट काढून देत. वॉशिंग्टनला पोहोचल्यावर मुलांना गोवर झाला आणि त्यांच्याकडून यालाही. लिंकन यांनी त्याला युद्धखात्यात मिलिशियाचं काम द्यायचं मनात आणलं होतं, पण जुन्या लष्करी अधिकाऱ्यांना हा कवायतीचा पोरगा पसंत नव्हता.

एव्हाना गुलामगिरी टिकवायची म्हणून दक्षिणेतली राज्यं एकेक करून देशातून फुटत होती. १२ एप्रिल १८६१ ला, एल्सवर्थच्या चोविसाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, दक्षिणेच्या तोफांनी फोर्ट समटरवर मारा सुरू केला. १५ एप्रिलला लिंकन यांनी राज्यांकडे ७५,००० मिलिशिया मागितली, ९० दिवसांसाठी. नव्वद दिवसांत सगळं उरकेल असा हिशेब होता. पुढे चार वर्षं गेली आणि सहा लाखांहून अधिक माणसं मेली.

त्या एप्रिल-मे महिन्यांत उत्तरेत आणि दक्षिणेत एकच दृश्य होतं. पोरं नाव नोंदवायची, गणवेश अंगावर चढवायची आणि निघायच्या आधी स्टुडिओत जायची. एक फोटो आईला, एक मैत्रिणीला. ते फोटो बघताना एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. गणवेशाच्या रंगावरून कोण कुठल्या बाजूचा ते नेहमी ओळखता येत नाही. सुरुवातीला उत्तरेच्या कित्येक कंपन्या करड्या कपड्यांत होत्या आणि दक्षिणेच्या काही निळ्या. पहिल्या मोठ्या लढाईत या घोळामुळे आपल्याच माणसांवर गोळ्या झाडल्या गेल्या. मिरवायला शिवलेले कपडे रणांगणात घेऊन गेल्याचा तो परिणाम.

एल्सवर्थ तडक न्यूयॉर्कला गेला. त्याला सैनिक हवे होते ते शिडीवर चढणारे, धुराला न भिणारे. त्याने शहराच्या हौशी अग्निशामक दलांतून माणसं गोळा केली आणि थोड्याच दिवसांत सुमारे अकराशे जणांची रेजिमेंट उभी केली. सरकारी नाव अकरावी न्यूयॉर्क, लोकांच्या तोंडी फायर झुआव्ह. २९ एप्रिलला ते निघाले. वॉशिंग्टनमध्ये त्यांचा मुक्काम चक्क संसदेच्या इमारतीत. ही माणसं शिकागोच्या कॅडेटांसारखी शिस्तीची नव्हती, दंगा पुष्कळ करायची आणि एल्सवर्थला त्याचा मनस्ताप व्हायचा. पण ९ मेच्या पहाटे विलर्ड हॉटेलला लागून असलेल्या इमारतीला आग लागली तेव्हा हीच माणसं एकमेकांच्या खांद्यावर चढून आग विझवायला गेली आणि शहराने त्यांना डोक्यावर घेतलं.

वॉशिंग्टनच्या पलीकडे पोटोमॅक नदी, आणि नदीपल्याड व्हर्जिनियातलं अलेक्झांड्रिया. तिथल्या मार्शल हाऊस नावाच्या हॉटेलवर दक्षिणेचा एक भलामोठा झेंडा फडकत होता. वॉशिंग्टनमधून दुर्बिणीने तो दिसायचा. हॉटेलचा मालक जेम्स जॅक्सन. आपण जिवंत असेपर्यंत हा झेंडा उतरणार नाही अशी त्याची भाषा होती असं सांगतात.

२३ मे १८६१ ला व्हर्जिनियाने मतदानाने फुटण्यावर शिक्कामोर्तब केलं. त्याच रात्री सैन्याला नदी ओलांडायचा हुकूम झाला. त्या रात्री एल्सवर्थने दोन पत्रं लिहिली, एक आईवडिलांना आणि एक कॅरीला. दोन्ही निरोपाची. परत येऊ न येऊ याची त्याला कल्पना होती.

२४ मेच्या पहाटे आगबोटींतून रेजिमेंट अलेक्झांड्रियाला उतरली. लढाई झालीच नाही, दक्षिणेचं सैन्य मागे हटलं होतं. एल्सवर्थ थोडी माणसं घेऊन तारघर ताब्यात घ्यायला निघाला. वाटेत तो झेंडा दिसला. तो हॉटेलात शिरला, जिने चढून माळ्यावर गेला आणि झेंडा कापून खाली ओढला. उतरताना पुढे कॉर्पोरल फ्रान्सिस ब्राउनेल आणि मागे झेंडा गुंडाळत एल्सवर्थ. जिन्याच्या वळणावर अंधारात जॅक्सन दुनळी बंदूक घेऊन उभा होता. पहिल्याच बाराने एल्सवर्थ कोसळला, गोळी छातीत. पुढच्याच क्षणी ब्राउनेलने जॅक्सनला गोळी घातली आणि संगीन भोसकली. दोघेही तिथेच संपले. या युद्धात मारला गेलेला उत्तरेचा हा पहिला अधिकारी.

आता माझं मत सांगते, पटलं नाही तर मंडळाच्या बैठकीत भांडा. तो झेंडा उतरवायला कर्नलने स्वतः जायची गरज नव्हती. शहर हातात आलं होतं. चार शिपाई पाठवले असते तरी चाललं असतं. त्याच्या शौर्याबद्दल मला शंका नाही. बिस्किटांवर जगून ताठ राहणारा मुलगा भित्रा नव्हे. पण वर्षभर तो लोकांच्या नजरेसमोर जगला होता. त्याचा फोटो दुकानांत टांगला होता. त्या फोटोतला कर्नल जे करेल, तेच तो त्या सकाळी करायला गेला असेल का? मला तसं वाटतं, आणि म्हणून वाईटही वाटतं.

त्याचा देह व्हाइट हाऊसमध्ये ईस्ट रूममध्ये ठेवला. लिंकन सगळ्यांदेखत रडले. दुसऱ्या दिवशी त्यांनी एल्मरच्या आईवडिलांना पत्र लिहिलं, आणि त्यात या मुलाची लायकी किती मोठी होती आणि आपण किती थोड्या काळात त्याच्या किती जवळ आलो ते सांगितलं. मग शव न्यूयॉर्कला, तिथून ऑल्बनीला आणि शेवटी मेकॅनिकव्हिलला. हजारो लोक रांगेत.

आणि मग बाजार सुरू झाला. त्याच्या फोटोंच्या प्रतींवर प्रती निघाल्या. पाकिटांवर त्याचं चित्र, त्याच्या नावाची गाणी. जन्मलेल्या मुलांची नावं एल्मर ठेवली जाऊ लागली. न्यूयॉर्क राज्यात एक अख्खी रेजिमेंट त्याच्या सूडाच्या नावाने उभी राहिली. ब्राउनेलला ब्रेडीच्या स्टुडिओत उभं केलं : हातात संगीन लावलेली बंदूक, दंडावर दुखवट्याची पट्टी आणि पायाखाली दक्षिणेचा झेंडा. जिन्यावरच्या अंधारात जे काही क्षणांत घडलं, ते स्टुडिओच्या उजेडात पुन्हा मांडलं, आणि लोकांनी अल्बममध्ये लावलं. मार्शल हाऊसमध्ये येणारे लोक जिन्याचं लाकूड, जमिनीवरचं मेणकापड, झेंड्याचे तुकडे कापून नेऊ लागले.

हे वाचताना मला आजीचं प्रार्थनापुस्तक आठवलं. त्यात पानोपानी संतांची छोटी चित्रं आहेत, तळहाताएवढी, भेटकार्डाच्या फोटोसारखीच. जुन्या गोव्याच्या फेस्तहून आणलेलं सेंट फ्रान्सिस झेवियरचं चित्रही आहे. पवित्र वस्तूचा तुकडा जवळ बाळगावा असं वाटणं मला परकं नाही, मी त्यातच वाढले. म्हणूनच भीती वाटते. आजी चित्रासमोर बसून प्रार्थना करायची, कुणाचा सूड मागत नव्हती. एल्सवर्थचं चित्र घेऊन लोक भरतीच्या रांगेत उभे राहिले. आणि पलीकडे दक्षिणेत? तिथे जॅक्सन हुतात्मा ठरला. १८६२ मध्ये रिचमंडला त्याचं चरित्र छापलं गेलं. त्यालाही बायको-मुलं होती. एका जिन्यावर दोन माणसं मेली आणि दोन्ही बाजूंना आपापला संत मिळाला.

ज्या रेजिमेंटला त्याने उभं केलं, ती दोन महिन्यांनी, २१ जुलैला, बुल रनच्या लढाईत पार मोडली. कवायतीचं कौतुक ऐकत मोठी झालेली मिलिशियाची हौस त्या दिवशी संपली असं म्हणायला हरकत नाही. घोळदार तुमानी आणि पिसांचे तुरे हळूहळू कमी झाले आणि बहुतेक जण एकसारख्या गणवेशात आले. विली लिंकन, ज्याच्याकडून त्याला गोवर झाला होता, तोही १८६२ मध्ये तापाने गेला. ब्राउनेलला १८७७ मध्ये मेडल ऑफ ऑनर मिळालं. एल्सवर्थचा छातीवर भोक पडलेला कोट आणि त्या झेंड्याचा मोठा भाग न्यूयॉर्क राज्याच्या साराटोगा स्प्रिंग्ज इथल्या लष्करी संग्रहालयात आहे, तो जन्मला त्या खेड्याच्या जवळच.

एल्सवर्थचा चेहरा राहिला आणि नावही राहिलं. पण फोटोत बिस्किटं दिसत नाहीत, कचेरीची थंड जमीन दिसत नाही, कॅरीच्या वडिलांची अट दिसत नाही. डायरी आणि पत्रं जपली गेली म्हणून तो मुलगा आपल्याला भेटतो, नाहीतर नुसता कर्नल उरला असता. आणि त्या संग्रहातल्या शेकडो अनोळखी सैनिकांचं तर नावही उरलं नाही. त्यांच्याही आया होत्या. फोटो हातात देताना त्यातल्या कुणालाही वाटलं नसेल की मागे नाव लिहावं लागेल. घरात कोण कुणाला विसरतो?

माझा धाकटा भाऊ एनसीसीत आहे. प्रजासत्ताक दिनाच्या परेडनंतर त्याने गणवेशातला फोटो काढून घेतला. मम्मीने तो मोठा करून आणला आणि हॉलमध्ये लावायचं ठरवलं. लावायच्या आधी मी तो उलटा केला आणि मागे पेन्सिलीने लिहिलं : त्याचं पूर्ण नाव, तारीख, गाव, आणि हेही, की परेडच्या आदल्या रात्री त्याने बूट चारदा पॉलिश केले आणि सकाळी घाबरून नाश्ताच केला नाही. भाऊ जाम चिडला. चिडू दे.

आजीच्या ट्रंकेतल्या तरुणाचं नाव अजून कळलेलं नाही. आत्याच्या ओळखीची एक नव्वदीची बाई खानापूरला राहते, तिला कदाचित आठवेल. डिसेंबरच्या सुट्टीत फोटो घेऊन मी तिच्याकडे जाणार आहे. तुमच्याही घरी अशी ट्रंक असेल, आणि सांगणारं कुणी अजून असेल, तर परीक्षा संपायची वाट बघू नका. याच रविवारी फोटो घेऊन त्यांच्याजवळ बसा आणि विचारा.